लाल बॉक्सर अजून उभाच

१२ जानेवारी १९९०, फहाहील, कुवेत
आजपासून रोज दोन तास. बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम बनवणारा कुवेतमधला पहिला मराठी माणूस मीच. हॉस्पिटलात एक्स-रे काढणं पोटापुरतं. मार्चअखेर गेम तयार.

३ एप्रिल
निळा बॉक्सर ठोसे मारतो. लाल नुसता उभा. खालचा कॅसेटवाला हारून विचारतो, ह्यो मार खायलाच उभा हाय काय? रत्नागिरीचा माणूस, दृष्टी नाही.

२० जून
रेखा म्हणते, जुलैत रजा घेऊन सांगलीला जाऊ, अबोली सहाची झाली, आजोबांना ओळखतसुद्धा नाही. म्हटलं, पंधरा ऑगस्टनंतर. आता लय मोडली की संपलं. रेखा उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणजे पटलं.

२ ऑगस्ट
पहाटे इराकी सैन्य घुसलं. दोन दिवसांत निवळेल. तोवर सलग वेळ मिळतोय. रेखा मात्र नर्सच्या ड्यूटीवर गेलीच. हट्टी.

११ सप्टेंबर
हारूनने बसमध्ये चार जागा मिळवल्या. बगदादमार्गे अम्मान, तिथून मुंबईचं विमान. माणशी एक बॅग, कॉम्प्युटर चालणार नाही. लाल बॉक्सरने आजच पहिल्यांदा हात उचलला आणि आजच निघायचं! रेखाला म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी पुढच्या बसने येतो. तिने विचारलं, वाळवंटातून पोरीला घेऊन मी एकटी? म्हटलं, हारून आहे की. अबोली रडली. मुलं रडतातच.

२९ सप्टेंबर
दोन सैनिक घरात शिरले. एकाला गेम दाखवला. दोन मिनिटं खेळला, हसला. मग टीव्ही, कॉम्प्युटर, कॅसेटी, सगळं उचलून नेलं. आवडल्याशिवाय कोण नेतं?
दुपारभर फरशीवर बसून होतो.

१७ ऑक्टोबर, सांगली
काल पोचलो. रेखाने पाणी दिलं. अम्मानला विमानाची वाट बघत तंबूत राहावं लागलं, तिथे अबोली तीन दिवस तापाने फणफणली होती, हे सासऱ्यांकडून कळलं. रेखाने सांगायला हवं होतं.

४ मार्च १९९१
कुवेत सुटलं. रेखाला मिरजेत नोकरी लागली, ती परत येणार नाही म्हणते.
आज अबोलीच्या शाळेत गेलो. बाईंनी सगळ्यांदेखत कौतुक केलं, पेशंटांसाठी तुम्ही एकटे मागे राहिलात म्हणे. अबोली माझा हात धरून उभी होती.
घरी येऊन रेखाला विचारलं, असं खोटं का सांगितलंस? भाजी निवडता निवडता म्हणाली, तंबूत रोज विचारायची, बाबा का नाही आले. खरं काय सांगणार होते?
बाईंना मी थँक्यू म्हणून आलो होतो.