जहाजावरच्या पोरांचा सिनेमा

आई,

तू तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठलीस, ती संध्याकाळ आज सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर आहे. मोठी लढाई संपली होती आणि आरमारात गेलेला दादा आता घरी येईलच, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. तेवढ्यात मुंबईची बातमी आली. जहाजांवरच्या पोरांनी गोऱ्या साहेबांविरुद्ध बंड केलं, गोळीबार झाला, कितीतरी जणांना धरून नेलं. दादाचं पत्र येईना. तू रोज चावडीपर्यंत जायचीस आणि पोस्टमन दिसला की त्याला काहीच न विचारता माघारी यायचीस. जेवायला बसलीस की घास हातातच राहायचा. अशात शेजारच्या काकी सांगत आल्या, "मलकापुरात तंबू लागलाय. देवाच्या शिनेमाच्या आदी जहाजावरच्या पोरांचा एक बारका शिनेमा दावत्यात. लय हसवत्यात." तू एवढंच विचारलंस, "त्येंची कापडं तशीच हायती? पांढरी?" काकी "व्हय" म्हणाल्या आणि तू चुलीतली लाकडं बाहेर ओढलीस.

तंबूत दोरीच्या एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. आपण अगदी पुढे, जमिनीवर बसलो. पडद्यावर दोन गोरे खलाशी सुट्टी मिळाल्याच्या आनंदात जहाजावरून उतरतात आणि शहरात जिथं जातील तिथं गोंधळ घालतात. एकाच्या खांद्यावरची शिडी लागून अंड्यांच्या टोपल्या कोसळतात, दुसरा चुन्याच्या टपात जाऊन बसतो, त्यांना धरायला धावलेला पोलीस स्वतःच घसरून पडतो. बोलणं काही नाही, नुसती पळापळ. सगळा तंबू हसतोय, मलाही हसू आवरत नाही, आणि तू माझं मनगट घट्ट धरून बसली आहेस. "आगं, लागलं आसंल की त्याला." जरा वेळाने, "किती वाळलंय पोर. खायाला देत न्हाईत वाटतं जहाजावर." मागच्या बायका आता पडदा सोडून तुलाच हसतात. शेवटी पोलिसांची फौज येते, दोघांना गाडीत कोंबते, गाडी निघून जाते आणि पडदा पांढरा होतो.

रीळ बदलायला मशीनवाल्याने कंदील मोठा केला तशी तू उठलीस. मी तुझा पदर ओढला, तरी दोरीखालून वाकून तू थेट पुरुषांतून मशीनपाशी गेलीस. मी मान खाली घालून तुझ्या मागे.

"आवं भाऊ, त्या पोरास्नी कुटं नेलं?"

"कुटं न्हाई मावशी. संपलं की तितंच."

"आसं कसं संपंल? सोडलं का न्हाई त्यास्नी?"

आजूबाजूचे लोक हसायला लागले. मशीनवाला मात्र हसला नाही. त्याने कंदील उचलून तुझा चेहरा पाहिला.

"तुमचं कोण हाय का जहाजावर?"

"थोरलं पोरगं."

त्याने कंदील खाली ठेवला. मग म्हणाला, "सोडत्यात मावशी. म्होरल्या रिळात सोडत्यात दोगास्नी. त्ये रीळ कोल्लापूरला ऱ्हायलंय, म्हून दावता येत न्हाई."

"तुमी सोता बघितलंय?"

"ह्या डोळ्यांनी."

देवाचा सिनेमा न बघताच आपण घरी आलो. करपलेली भाकरी तू दुधात कुस्करलीस आणि सगळी खाल्लीस.

दादा उन्हाळ्यात आला. आरमारातून काढून टाकलेला, दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्याच कुणाचा सदरा. तू अंगणातच त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवलास. "कुटं लागलं न्हाई न्हवं?" "न्हाई गं आये," तो म्हणाला, आणि तू भाकरी टाकायला आत गेलीस. पुढे सांगलीत एका कारखान्यात त्याला काम मिळालं, संसार झाला. त्या दिवसांबद्दल तो कधी बोलला नाही आणि तूही विचारलं नाहीस.

मशीनवाल्याचं बोलणं तुला खरं वाटलं, असं मी तू गेल्यावरही इतकी वर्षं धरून चालले होते. माझी भोळी आई, असं मुलांना सांगून हसायचे. पण माझा धाकटा आता तेलाच्या जहाजावर आहे. आखातात जहाजांवर बाँब पडताहेत आणि त्याची तार नाही, पत्र नाही. मी रेडिओ लावते, बातम्या सुरू झाल्या की बंद करते. काल दूधवाल्याला विचारलं, "इतक्या लांब जहाजाला काय होणार, नाही का?" त्याला काय ठाऊक? तरी तो "काई हुत न्हाई वयनी" म्हणेपर्यंत मी दारातून हलले नाही. तेव्हा लक्षात आलं, तुला सगळं कळत होतं. तुला कुणाच्या तरी तोंडून ते ऐकायचं होतं.

आत सून पोळ्या लाटतेय. मी धाकट्यालाच पत्र लिहितेय, असं तिला वाटतं. मघाशी तिने विचारलं, पाकीट आणू का? मी नको म्हटलं. त्याचं नाव लिहायला घेतलं होतं गं, पण हात पुढे जाईना, म्हणून तुला लिहीत बसले.