टिश्यूत गुंडाळलेलं मटण

गुरुवार, संध्याकाळ. सालामांका, स्पेन.

आज घरमालकीण पिलार आजींना ते सापडलं. बाथरूमच्या कचऱ्याच्या डब्यात, टिश्यूत गुंडाळलेलं दुपारचं मटण.

आले त्या दिवशी त्यांनी मांस खातेस का म्हणून विचारलं होतं. तेव्हा मला काहीच कळलं नाही आणि मी "सी, सी", म्हणजे हो, हो म्हणाले. कावून म्हणाले? आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. दोन महिने झाले, त्या रोज दुपारी तीनला मायेनं वाढतात. मी पावावर दिवस काढते आणि मटण टिश्यूत.

ती टिश्यू हातात धरून त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या हाताला चव नाही का गं?" नेमकं हेच स्पॅनिश कळलं. रडत खोलीत पळाले.

घरी, चकलांब्याला फोन लावला. आई म्हणाली, "फोन दे त्यांच्याकडं. लेकरू दोन महिने उपाशी हाय म्हणून मी सांगते." मराठीत सांगणार! हसायला गेले आणि हुंदकाच आला. परत जावं का? कोर्स अर्धाच झालाय.

आजी अजून स्वयंपाकघरात बसल्यात, दिवाही लावला नाही. एक वाक्य पाठ केलंय: मी खोटं बोलले, मी मांस खात नाही. आता जाते. त्यावर त्या काय बोलतील, ते मला कळणार नाही.