तारीख आपोआप

४ मार्च, लोहारा
ऑफिसात इंजिनिअर सर परत वरडले. "नकाशा बदलतो अन् तारीख जुनीच! डोकं हाय का खोकं?" हातानं टाकायची म्हणजे माझ्या ध्यानात राहत न्हाय, खरंय. मोबाईलवर बघून बघून कम्प्युटरवरच्या नकाशाच्या कोपऱ्यात सोय करून ठेवली. तारीख आता आपोआप पडते. सरांनी चहा पाजला. टपरीवर एक जण माकड पकडायची युक्ती सांगत होता, दुपार तिथंच गेली.

९ मार्च
अक्काच्या गावच्या अंगणवाडीचं काम. दारावरच्या छज्ज्याचा दुसरा नकाशा काढला. पयल्यात सळई कमी होती, सरांनीच वाढवली. मीच साइटवर नेऊन दिला. रशीदचाचा मिस्त्री, त्यांची रीत ठरलेली: नव्या तारखेचा कागद भिंतीला, जुन्यात भाकरी बांधायची. पयला का दुसरा, आकडा कोण बघतंय.

१६ मार्च
मुरुम गावच्या बाजाराला निघालो, वाटेत साइटवर उतरलो. भिंतीला पयला नकाशा! तारीख १४. कमी सळई बांधून तयार.
"चाचा, हा जुना हाय!"
"तारीख बघ की बाबा. तुझ्यात तर भाकरी बांधली म्या."
"दिला कुणी?"
"बालाजीनं."
ठेकेदाराचा माणूस. लई गोड बोलतो. तिथंच डोक्यात किडा शिरला. बाजार राहिला.

१७ मार्च
ऑफिसात सर अन् बालाजी बोलत होते. मी शिरलो तसा बालाजी उठून गेला.
आता कळलं. नुसती फाइल उघडली तरी तारीख त्या दिवशीची पडते. मला वाटलं, नकाशा बदलला तरच... म्हणजे १४ ला जुनी फाइल कुणीतरी उघडून छापली. म्या न्हाय. म्या परंड्याला, मित्राच्या लग्नात.
सरांना सांगितलं. "तूच छापला असशील. उद्या स्लॅब हाय, गप बस."
सळई ह्यांनीच वाढवलेली, मग मला गप का बसवतात? छज्ज्याखालीच पोरं चपला काढतात. अक्काची पोरगी परी बी.

१८ मार्च, सकाळ
चाचांना फोन. "स्लॅब थांबवा."
"कुणाच्या जोरावर? तुझ्या तोंडाच्या? नव्या तारखेचा कागद आण. दुपारपर्यंत थांबतो."
जुनी फाइल उघडली, १४ चा पुरावा सरांना दाखवावा म्हणून. कोपऱ्यात आजची तारीख. उघडली म्याच ना, इसरलोच! होतं ते बी पुसलं.
दुसरा नकाशा छापला. त्याच्यावर बी आजचीच.

जीपमध्ये
कागद मांडीवर. खिशात पेन. आजची खोडून ९ लिहू का? खरी तीच. पण ९ बघून चाचा म्हणणार, जुना, बांध भाकरी. आजची दाखवली तर ऐकतील. पण बालाजीनं बी असंच ऐकायला लावलं.
आत्ता चाचांचा फोन. "लवकर ये. बालाजी आलाय. त्याच्याजवळ बी आजच्या तारखेचा कागद हाय."