सोन्याच्या टोपीखालची दाढ

आबा, आज मला तुमच्या तोंडाचा वास आला, आणि तो माझ्याच तोंडातून आला. साताऱ्यात चार वर्षांपूर्वी मी एका दाढेचं रूट कॅनॉल करून घेतलं होतं, वर कॅपही बसवली होती. आता आत पुन्हा पू झालाय, केलेलं काम फसलंय, उकरून परत करावं लागेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. मी महिनाभर टाळतेय. मिठाच्या गुळण्या करायच्या, लवंग धरायची, झालं. आज दुपारी जेवताना नात म्हणाली, "आजी, जरा लांब बस ना, तुझ्या तोंडाला घाण वास येतोय." पोरगी खोटं बोलत नव्हती. मी ताट उचललं आणि सोप्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून जेवायला बसले. दोन घास गेले आणि ध्यानात आलं, असं जेवताना मी कुणाला बघितलंय ते.

तुम्ही गलाईवाले. विट्याची कितीतरी माणसं सोनं गाळायच्या धंद्याला परमुलखात गेली, तसे तुम्हीही गेलात. वर्षातून दोनदा घरी यायचात आणि बोटांना तेजाबाचा वास यायचा. मी नववीत असताना तुमची ती दाढ ठणकायला लागली. सांगलीच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलात तेव्हा मी बरोबर होते. त्यांनी नस काढली, आत औषधाचा कापूस घातला, वरून कच्चं बुजवलं आणि माझ्यादेखत बजावलं, की ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली असं समजू नका, अजून तीन खेपा लागतील, मुळं साफ होईस्तोवर वर काही बसवायचं नाही. तुम्ही मान डोलावलीत. ठणका थांबला आणि तुम्ही परमुलखातल्या दुकानावर निघून गेलात. पुढच्या वेळी आलात ते दाढेवर सोन्याची टोपी घालूनच. सोनं तुम्ही स्वतः गाळलेलं, घडवलेलं ओळखीच्या कारागिरानं, आणि बसवलेलं तिकडच्याच कुणीतरी. "सोन्याला कीड लागत न्हाई, गंज चढत न्हाई," असं तुम्ही आईला सांगितलंत, "आता आत काय जातंय?" आत काही जाणार नव्हतं हे खरंच. पण आत जे राहिलं होतं त्याचं काय, हे सोन्यातलं सगळं कळणाऱ्या माणसाला कळू नये?

मग सुरू झाली ती घाण. तुम्हाला आवडो न आवडो, मी घाणच म्हणणार. लग्नाकार्यात ती दाढ दिसावी म्हणून तुम्ही मुद्दाम मोठ्यांदा हसायचात आणि समोरचा माणूस पाऊलभर मागं सरकायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा. हिरडीवर शेंगदाण्याएवढा फोड यायचा. तुम्ही मोरीशी बसून तो अंगठ्यानं दाबायचात, पचकन थुंकायचात आणि त्याच हातानं तांब्या उचलायचात. तो तांब्या मी राखेनं तीन-तीनदा घासत असे. माझ्या भाकरीतला तुकडा तुम्ही मोडून घेतलात तर उरलेली भाकरी माझ्या घशाखाली उतरत नसे. आई म्हणून म्हणून थकली, आवं, ती टोपी काढा, पुरतं औषध करून घ्या. तुमचं एकच पालुपद, हसतील त्यांचे दात दिसतील. अहो, दिसत तुमचे होते आणि वास आम्हाला येत होता!

एका दुपारी आमटी भुरकताना तुम्ही ती दाढ चोखलीत. मी ताटावरून उठले आणि म्हणाले, "आबा, तुमच्या शेजारी जेवान जात न्हाई मला. किळस येती." आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, बापाला असं बोलतीस व्हय म्हणून. तुम्ही तिला हातानंच थांबवलंत, ताट उचललंत आणि सोप्यात गेलात. त्या दिवसापासून तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायचात. मला वाईट वाटलं का? खरं सांगते, नाही वाटलं. सुटल्यासारखं वाटलं.

त्याच साली दिवाळीच्या आधी तुमचा गाल सुजला. सूज गळ्याखाली उतरली, तोंड उघडेना, घोटभर पाणी गिळवेना, अंग तापानं फणफणलेलं. तरी टोपीला हात लावू देत नव्हतात. शेवटी आईनं तोंडावर सांगितलं, "सोनं ऱ्हाईल, तुमी न्हाई ऱ्हायाचा." तेव्हा कुठं तुम्ही सांगलीला यायला उठलात. तिथं मोठ्या दवाखान्यात सुया टोचल्या, गळ्याखाली चीर देऊन पू काढला. अजून दोन दिवस गेले असते तर श्वासच कोंडला असता म्हणाले. तोंड उघडायला लागल्यावर टोपी कापली आणि दाढ उपटली. टोपी निघाली तसा उंदीर मरून पडल्यासारखा वास खोलीभर सुटला. मी पळत बाहेर आले आणि जिन्यातच ओकले. परत आत गेले तर तुम्ही हनुवटीवर रक्त तसंच ठेवून, नळाखाली ती फाटकी टोपी धूत होतात. ती तुम्ही रिकाम्या काडेपेटीत ठेवलीत.

येताना एस.टी.त तुम्ही ती काडेपेटी माझ्या मांडीवर ठेवलीत. गेलेल्या माणसाच्या तोंडात सोन्याची कणी घालतात ना, त्याबद्दल बोलायला लागलात. "मी मेल्यावर माझ्या तोंडात ह्येच घाल. दुसऱ्या कुणाचं सोनं नगं. आन् तूच घाल." मीच का, असं मी विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "तुला लय घाण वाटती नव्हं, म्हणून." त्यात राग नव्हता, तेच मला झेपलं नाही. मी व्हय म्हणाले.

चार वर्षांनी तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात. मी सासरहून, कोरेगावाहून धावत आले. आईनं काडेपेटी माझ्या हातात दिली आणि सगळे बाजूला सरकले. तुमचं तोंड थोडं उघडं होतं, त्या दाढेच्या जागी काळी खाच दिसत होती. आबा, मला तेव्हाही किळस आली, मेलेल्या बापाची किळस. असं होणार हे मला ठाऊक होतं. म्हणून वाटेतच कानातल्या सोन्याच्या डुलाचा एक मणी मोडून मुठीत धरला होता. तोच घातला, तोही ओठांना बोट लागू न देता. लोकांना सोनं दिसलं. आई मरेपर्यंत सांगत राहिली, त्यांच्या मनासारखं झालं, लेकीनं त्यांचंच सोनं त्यांच्या तोंडात घातलं. मी एकदाही तिला खरं सांगितलं नाही.

उद्या साताऱ्याला जाऊन दाढ दाखवणार आहे, पुरती साफ करून घेणार आहे, कितीही खेपा लागोत. हे पत्र कुठं पाठवायचं? घडी करून त्या काडेपेटीखाली ठेवीन. ती अजून माझ्या पेटीत आहे, इतक्या वर्षांत उघडायचं धाडस झालं नव्हतं. आज दार लावून घेतलं आणि तुमची टोपी नाकाशी धरली. कसलाच वास येत नाही, आबा. काडेपेटीच्या गुलाचा तेवढा येतो.