छातीवरचा फवारा

आदरणीय साधनाताई,

हे पत्र तुमच्या हाती कधीच पडू नये. तुमच्या लेकीला, आम्रपालीला दम्याचा पंप कसा द्यायचा, त्याचे पत्रक मी तुम्हाला नीट वाचून दाखवले होते. तुमच्याकडून एकदा करवून घ्यायला मात्र संकोचले.

ती वारल्यावर आठवड्याने तुम्ही मारेगावहून पंप परत करायला आलात. म्हणालात, "दोन्ही टाइम मी तिच्या छातीवर फवारा मारत होती, बाई. काही चुकलं काय माह्यं?"

औषध तोंडाने आत ओढायचे होते. मी "नाही" म्हणाले.

आता प्रत्येक आईकडून मी समोर करवून घेते. काल एकीने विचारले, "भरोसा नाही काय माह्यावर?"

"माझ्यावर नाही," मी म्हणाले.

तुमची अपराधी,
निशिगंधा
(दम्याच्या मुलांची परिचारिका)