तळं उजव्या हाताला

३ एप्रिल १९३१
रत्नागिरीला बदली झाली तेव्हा साताऱ्याची मंडळी म्हणाली, मासळीच्या वासानं मरशील. छे! इथं तर घराघरांतून आंब्यांचा घमघमाट. कचेरीतले कारकून भास्करराव यांनी घरची माडी राहायला दिली. माझं तार ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर. मागंपुढं कोणी नाही म्हटल्यावर कमलावहिनी हळहळल्या आणि फणसाची भाजी पुन्हा वाढली. त्यांची उमा नऊ वर्षांची, दिवाळीपासून तापानं अंथरुणात. माझी दुर्बीण पाहून पोर खुलली. मी पक्ष्यांचा वेडा आहे कळताच भास्करराव म्हणाले, सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, तळ्यावर रोज सकाळी जाऊ.

५ एप्रिल
पहिली फेरी. खंड्या, पाणकावळे, चार बगळे, आणि कातळावर अंडी उबवणारी टिटवी. आम्हाला बघून तिनं ओरडून कान किटवले. तळं कायम उजव्या हाताला ठेवायचं, म्हणजे ऊन पाठीशी राहतं, असं भास्करराव म्हणतात. गोल फिरताना ऊन पाठीशी कसं राहील? पण यजमानांशी वाद कशाला! फेरी संपल्यावर त्यांनी बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी एक खडा ठेवला. मोजणीसाठी, म्हणे. मी थट्टा केली. उमेला टिटवीचं चित्र काढून दिलं.

११ एप्रिल
उमेचा ताप उतरला! आज मागून पेज प्याली. तळ्यावर खंड्या माझ्यापासून हातभर अंतरावर बसून राहिला. भास्करराव जवळ येताच उडाला. पक्ष्यांना खरा रसिक कळतो तर. दिवसभर मी अभिमानानं फुगून होतो.

१६ एप्रिल
हळद्याचं घरटं बघायला उलट्या बाजूनं निघालो. भास्कररावांनी मनगट असं धरलं की वळ उठला. मग हसले, पण हाताला घाम होता. उमा ओटीवर येऊन बसली. वहिनी तूप वाढतात, माझ्याकडे मात्र बघत नाहीत.

२१ एप्रिल
टिटवी ओरडली नाही. मी अंड्यांवरून पाय टाकून गेलो, तरी बसून राहिली. मागून येणाऱ्या भास्कररावांवर तुटून पडली. ऑफिसात शिवा शिपायाला चारदा हाक मारली, मग त्यानं दचकून वर पाहिलं. गल्लीतलं कुत्रंही माझ्यावर भुंकेनासं झालंय.

२४ एप्रिल
खडे मोजले. वीस. तळ्याचा राखणदार भागोजी, त्याला खोदून विचारलं. नवस आहे. पोरीच्या जिवासाठी एकवीस फेऱ्या. घालील तो तळ्याचा. मग मीच का? तो म्हणाला, "माणूस परगावचा लागतो, नि पयली फेरी घालताना त्याला ठावं नसाया लागतं."
बोकडाला पाला का घालतात, ते आज कळलं.
भास्कररावांना तोंडावर विचारलं. नाही म्हणाले नाहीत. रडले. म्हणाले, "तुमच्यामागं रडायला कोण आहे?"
हे मीच सांगितलं होतं. त्यांच्या पानावर बसून.
उद्या पाली गावावरून जाणाऱ्या मोटारीनं साताऱ्याला. एक पाऊल तळ्याकडे टाकणार नाही.

२५ एप्रिल, सकाळ
ट्रंक बांधली. दारात उमा. स्वतःच्या पायांनी जिना चढून आलीय. हातात मी काढलेलं चित्र. "काका, बाबा म्हणाले, आज तुम्ही मला टिटवी दाखवणार."
स्वतः यायची छाती झाली नाही. पोरीला पाठवलं. नाही म्हटलं, तर हिचा ताप—
मला आधी विचारलं असतं तर— कोण जाणे, मी हो म्हटलं असतं.

बांधावर
उमा हळूहळू चालते. मला बसून लिहायला वेळ मिळतो. टिटवी तिच्यावर ओरडतेय. पोर टाळ्या पिटते. माझ्यावर नाही— अजूनही नाही—
शेंदराचा दगड आला. उमेनं मुठीतला खडा ठेवला. बाबांनी दिला, म्हणाली. तिला काहीच—
आता इकडेतिकडे बघतेय. हाका मारतेय, "काका, कुठं गेलात?" मी हातभर अंतरावर आहे. ओ देतोय. टिटवी माझ्या पायावर येऊन बसली— उमे, अगं मी इथं—