अम्मी नको म्हणाल्या

पनवेल, मंगळवार

तूबाच्या अब्बांना सलाम.

मी बरी आहे. अम्मी शुद्धीत आहेत, थोडी पेज घेतात. तूबा जेवते ना? तिला एकटीला विहिरीवर पाठवू नका.

फोनवर तुम्ही ओरडता आणि अम्मी शेजारीच असतात, म्हणून हे लिहून श्रीवर्धन गाडीच्या महादेव कंडक्टरच्या हाती देते. सही करून टाक, पाय कापू दे, म्हणता. मी करायलाच गेले होते. डॉक्टरांनी कागद मागे घेतला. म्हणाले, "बाई, त्यांना सगळं कळतंय. त्या हो म्हणाल्याशिवाय तुमच्या सहीवर मी कापणार नाही."

मग त्यांनी अम्मींना नीट समजावलं. शुगरनं पाय सडलाय, विष वर चढतंय, कापला नाही तर जीव जाईल. अम्मी म्हणाल्या, नको.

मी त्यांना नको नको ते बोलले. तुमची आई आहे, माफ करा. त्या म्हणाल्या, "निकाहच्या वेळी गवाह विचारायला आले, तेव्हा माझ्या खालानंच, आईच्या बहिणीनं, हो म्हणून टाकलं. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. या डॉक्टर पोरानं विचारलं आणि माझ्या उत्तरासाठी थांबला. तू मध्ये बोलू नको."

मी पुन्हा सहीचं नाव काढलं नाही. कसं ते मलाच माहीत.

उद्या डॉक्टर परत विचारणार आहेत. अम्मींचं मन फिरेल असं वाटत नाही. दुकान राहू द्या बंद, लगेच निघा. तुम्हाला बघायचंय, हे मात्र त्या कुणी न विचारता बोलल्या.

दुआ करा.

तूबाची अम्मी